गादीवाल्याला मरायचं होतं

गादीवाल्याला मरायचं होतं. तसं त्याचं काही दुखत नव्हतं. बायको धड होती, दुकान चालत होतं, कापूस स्वच्छ येत होता. त्याला मरायचं होतं ते नाटकात, शेवटच्या अंकात, भरल्या सभागृहासमोर, लांबलचक बोलून. आणि लोकांनी रडायला हवं होतं, एवढीच अट.

नाटक मंडळ दरवर्षी एक जुनी शोकांतिका करायचं. वरची खोळ बदलायची, आतला कापूस तोच. एक भला राजा, त्याचे कान भरणारा एक प्रधान. राजाचं डोकं फिरायचं, तो आपल्या सख्ख्या भावाचा गळा कापायचा, मग खरं काय ते कळायचं आणि राजा तलवारीवर पडून मरायचा. प्रधानाला मरण नसायचंच. शिपाई त्याला बखोटीला धरून आत न्यायचे आणि बाहेर राजा मरायला लागायचा. गादीवाला विंगेत बेड्या सोडवत बसायचा आणि लोकांचे हुंदके ऐकायचा.

कारण प्रधान कायम तोच. त्याच्या भुवया नाकावर एकमेकींना भेटलेल्या. एक डोळा तुमच्याकडे, दुसरा तुमच्या खिशाकडे. आणि जन्मभर कापूस पिंजून घसा असा बसलेला, की "पाणी घेता का" म्हणाला तरी माणसाला वाटावं, पाण्यात काहीतरी आहे. मनानं मात्र गडी इतका भोळा, की गिऱ्हाईक नुसतं "पोकळ वाटते हो" म्हणालं तरी वजनबिजन न करता आणखी ढीगभर कापूस कोंबून द्यायचा. त्याला कुणीही फसवू शकायचं, आणि फसवायचंही. पण तो घरात शिरला की सख्खी सासू आपली पिशवी मांडीवर ओढून घ्यायची.

"माझं काही म्हणणं नाही," ती लेकीला म्हणायची, "पण नाटकात इतकं हुबेहूब जमतं कसं?"

राजा व्हायचा चष्मेवाला. उंच, सरळ नाकाचा, भव्य कपाळाचा. बोलण्यात असा पटाईत, की जी फ्रेम शोभत नाही नेमकी तीच तुमच्या नाकावर चढवायचा आणि वर आभारही तुम्हीच मानून यायचात. भूमिका वाटायच्या आधी दरवर्षी तो गादीवाल्याच्या खांद्यावर हात टाकायचा.

"राजा काय रे, दगडाला मुकुट घातला तरी होतो. प्रधानाला अक्कल लागते. ती आपल्यात एका तुझ्याकडेच आहे."

गादीवाला फुगून घरी यायचा. यंदाही आला.

"मग त्या दगडालाच करू द्या की प्रधान," बायको दाभणात सुतळी ओवत म्हणाली. "राजा मागून तर बघा. का जन्मभर गाद्यांवरच मरणार आहात?"

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो छातीत तलवार घुसल्यासारखं करून नव्या गादीवर कोसळायचा, त्याबद्दल हे बोलणं. एकदा एक म्हातारा दारात उभा राहून ते सगळं मरण शेवटपर्यंत बघत होता. संपल्यावर म्हणाला, "हीच द्या. दणका चांगला सोसते."

तर यंदा गडी हिय्या करून चष्मेवाल्याच्या दुकानात गेला. तिथे भिंतीभर आरसे. चष्मेवाला त्यातल्या एकात बघून डोक्यावरचा नाटकातला मुकुट जरा तिरका करत होता. गादीवाल्याला सगळीकडून आपल्याच भुवया दिसायला लागल्या आणि त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं.

"काय रे?"

"ते राजाचं..." गादीवाला घोगऱ्या आवाजात कुजबुजला. "जाऊ दे. काही नाही."

"राजाचं काय?"

"नको. कशाला उगाच."

गडी लाजला होता, बाकी काही नाही. पण नाटकातला प्रधान राजाच्या कानात पहिल्यांदा विष ओततो ते अगदी असंच बोलून. चष्मेवाल्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्यानं मुकुट काढून काउंटरवर ठेवला.

"मास्तर काही बोलले का?"

मास्तर म्हणजे नाटक बसवणारे. आदल्या दिवशी ते कंबरेसाठी कडक गादी सांगायला आले होते.

"बोलले की."

"माझं नाव निघालं?"

गादीवाल्याला खोटं बोलता येत नसे. "निघालं."

"काय म्हणाले?"

मास्तर म्हणाले होते, की चष्मेवाल्यानं दिलेला चष्मा सारखा घसरतो, परवा जेवताना ताटात पडला. आता कुणाच्या धंद्याची निंदा त्याच्याच दुकानात उभं राहून कशी करायची? गादीवाला घुटमळला. "तुमच्या तोंडावर कसं सांगू," म्हणाला आणि सरळ घरी आला. राजाचं मागायचं राहूनच गेलं, म्हणून बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

तिकडे चष्मेवाल्याच्या डोक्यात भुंगा शिरला. मास्तर तालमीत कंबर धरून तोंड वाकडं करत, तर याला वाटे, माझ्या बोलण्याला करतात. राणीचं काम करणाऱ्या नर्सबाईंना त्यानं गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी थकलेला वगैरे दिसतो का हो?"

"आता तुम्हीच विचारलंत म्हणून सांगते," बाई म्हणाल्या.

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. दुकानात गिऱ्हाईक आरशात बघून हसलं तरी तो विचारायला लागला, "कुणाला हसलात?" शेवटी एका तालमीत मास्तर नुसतं "जरा मोठ्यानं" म्हणाले, आणि चष्मेवाल्यानं मुकुट काढून जमिनीवर आपटला.

"सरळ सांगा ना, मी नको झालोय. करा त्या गादीवाल्याला राजा. मी होतो प्रधान."

त्याला वाटलं, आता सगळे हातापाया पडतील. पण मास्तरांची कंबर ठणकत होती आणि चष्मा नुकताच घसरून बाजाच्या पेटीमागे पडला होता.

"बरं," मास्तर म्हणाले.

गादीवाल्याला रडूच यायला लागलं. तो धावत चष्मेवाल्यामागं गेला. "अहो, ते फक्त चष्म्याबद्दल बोलले होते. घसरतो म्हणाले. एवढंच."

चष्मेवाल्यानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "वा. काम झालं तरी साळसूदपणा सुटत नाही. अरे, आम्ही नुसतं नाटक करतो. तू खरंच करतोस."

प्रयोग रविवारी दुपारी झाला. सभागृह गच्च. सासू पहिल्या रांगेत, पिशवी मांडीवर. गादीवाला मुकुट घालून आला आणि लोक बसल्या जागी सावध झाले. तो राणीशी प्रेमानं बोलला तर मागून आवाज आला, "बाई, सांभाळून." मग चष्मेवाला प्रधान होऊन आला, राजाच्या कानाशी लागला, भावाबद्दल नाही नाही ते सांगायला लागला. गादीवाल्याला सगळी संहिता पाठ होती, तरी तो प्रत्येक वेळी खरंच विश्वास ठेवायचा आणि खरंच कासावीस व्हायचा. इतकं खरं काम मंडळात कुणी केलं नव्हतं. पण बघणार कोण?

"तो म्हणतो तर असेल," पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली. "एवढा देखणा माणूस कशाला खोटं बोलेल?"

"भाऊच वाईट असणार," दुसरी म्हणाली.

राजानं भावाला मारलं तेव्हा सासूनं नुसती मान हलवली, बघा, मी म्हटलं नव्हतं, अशी. आणि शेवटी शिपायांनी प्रधानाला बेड्या घातल्या, तेव्हा सभागृहात हुंदके फुटले. चष्मेवाला चालता चालता थबकला. एवढे हुंदके त्याला मरूनसुद्धा कधी मिळाले नव्हते. बेड्या सावरत त्यानं वाकून नमस्कारही केला.

मग राजाचं मरण सुरू झालं. गादीवाला बोलला, तळमळला, तलवारीवर पडला. या वेळी खाली गादी नव्हती, नुसत्या फळ्या. दाणकन आवाज झाला. तो निश्चल पडला.

सभागृह गप्प. कुणी रडेना, कुणी हलेना.

"उठेल तो," सासू शेजारणीला म्हणाली. "बघत राहा. काहीतरी डाव आहे."

पडदा पडला तरी कुणी जागचं उठलं नाही. मास्तरांनी पडदा पुन्हा उघडला. सगळ्यांनी नमस्कार केला, पण राजा काही उठेना. लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले, बघ, म्हटलं नव्हतं. बायको विंगेच्या कडेला आली आणि दात ओठ खात पुटपुटली, "उठा आता. लोक बघतायत."

"कुणी रडतंय का?" गादीवाल्यानं ओठ न हलवता विचारलं.

बायकोनं वाकून सभागृहात बघितलं. "आईनं नाकाला रुमाल लावलाय."

"खरंच?"

"सर्दी झालीय तिला."

गादीवाल्यानं क्षणभर विचार केला. "चालेल," तो म्हणाला, आणि समाधानानं आणखी थोडा वेळ मेला.