दोरेकाकांचा ओळंबा

दोरेकाका ज्या घरात ओळंबा टांगतात, ते घर महिन्याच्या आत ओस पडतं, अशी कुजबुज आमच्या गल्लीत होती. दोऱ्याच्या टोकाचं ते पितळी वजन म्हणे माणसं मोजतं. खोटं कशाला बोलू, ही बातमी चार जिन्यांवर मीच पोचवली, आणि दरवेळी एक घर वाढवून.

माणूसही तसाच. इमारती तपासायची नोकरी, मोजकं बोलणं, चेहरा कायम दुखवट्याला आल्यासारखा. ते दिसले की बायका दारं लोटून घेत.

त्यांची धाकटी विधवा बहीण गल्लीच्या टोकाला, उंच छताच्या बैठ्या घरात एकटी राहायची. तीसुद्धा त्यांना पिशवीतून ओळंबा काढू देईना.

"दादा, चहा पी आणि जा. तो दोरा माझ्याकडे नको."

"भिंतीतलं कपाट आपोआप उघडतं म्हणालीस ना?"

"रोज दुपारी. हे येतात."

"मेहुण्यांनी जन्मात कधी स्वतः कपाट उघडलं होतं? टॉवेलसुद्धा तूच हातात द्यायचीस!"

ती हसली. तेवढ्यात काका शिडीवर चढले आणि भिंतीच्या माथ्याला दोरा बांधून मोकळे झाले. चार मीटर खाली, वजन भिंतीच्या पायथ्यापासून चौदा सेंटिमीटर दूर थांबलं. त्याच्या बरोबर खाली त्यांनी खडूने फुली मारली.

"दोरा उभा, फरशी आडवी, भिंत तिरकी. झाला काटकोन त्रिकोण. चौदा भागिले चारशे, त्याचा उलटा टॅन. भिंत दोन अंश आत कललीय. सामान बांध."

"आणि ह्यांना इथे एकटं सोडू?"

काका गेले. दोरा तिथेच राहिला.

आठव्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. खिडक्या बंद, पंखा बंद, दोरा निश्चल. पण वजन फुलीवर नव्हतं. खोलीच्या आत सरकलं होतं.

"मी हात लावलेला नाही हो," ती पुटपुटली.

तेवढ्यात कपाटाचं दार सावकाश उघडलं. कुणी ढकलावं तसं नाही. कुणी आतून वाट करून द्यावी तसं. मी, गल्लीभरच्या अफवांचा कारखानदार, उलट्या पावलांनी दारापर्यंत सरकलो.

काकांना बोलावलं. त्यांनी टेप बहिणीच्याच हातात दिला. "तू मोज."

एकवीस.

कॅल्क्युलेटरही तिलाच दाबायला लावला. तिने आकडे पुन्हा एकदा दाबून पाहिले.

"तीन अंश," ती म्हणाली. "म्हणजे हे नव्हेत."

"नव्हेत गं. भिंत कलली, की दार आपल्याच भाराने उघडतं."

तिने उघड्या कपाटातून नवऱ्याचा चष्मा तेवढा घेतला आणि चप्पल घातली.

गुरुवारी भर दुपारी ती भिंत रिकाम्या खोलीत कोसळली.

आता त्या कुजबुजीचं. भिंत कलल्याचा संशय आला, की मगच काकांना बोलावणं जायचं. ते कोन सांगायचे आणि लोक घर सोडायचे. त्या घरांतलं एकही माणूस मेलं नाही.