रुखवतातला आंबलेला मध

भिवामामानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही.
आणि मी आज सोलापुरात मधाची वाईन विकते, ती त्याच्यामुळे.

त्याला जाऊन आज वर्ष झालं.

मामा सांगोल्याकडचा. आधी मेंढरं, मग मधमाश्यांच्या पेट्या. डाळिंब असो की करडई, जिकडे फुलोरा तिकडे टेम्पोत पेट्या घालून हा निघाला.

माझ्या लग्नात रुखवतावर सगळ्यांनी लाडू-चिवडा मांडला. मामाला स्वतःचा मध मांडायचा होता.

पोळ्यावर माश्यांनी मेणाचं झाकण घातलं की मध पिकला, हे गावाला शिकवणारा तोच. पण लग्नाची तारीख जवळ आली आणि या शहाण्यानं झाकण पडायच्या आधीच मध काढला. कच्चा, पाणीदार.

पाच किलोचा स्टीलचा डबा, वर हळदकुंकू.

दोन महिन्यांनी सासरी त्या डब्याचं झाकण उडालं. ओट्यावर सगळा फेस.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मामांनी साखरेचं पाणी दिलं वाटतं."

हे मामाच्या कानावर गेलं. (आईच्या पोटात काही राहत नाही.) लगेच येऊन त्यानं तो डबा हुंगून पाहिला. त्यानंतर तो आमच्याकडे यायचा, चहा प्यायचा, पण सासूबाईंशी नजर मिळवायचा नाही. मला फार वाईट वाटायचं.

मी मात्र तो मध चाखला होता. आंबटगोड, जिभेवर चुरचुरणारा.
आवडला होता. बोलले नाही, नवी सून होते.

पुढे चिंचोळी एमआयडीसीत लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, तरी ती चव काही जाईना. शेवटी जॉब सोडला, लायसन्ससाठी खेटे घातले आणि ती चव मुद्दाम बनवायला शिकले. मधाच्या अशा वाईनला मीड म्हणतात हेही तेव्हाच कळलं.

मध अर्थात मामाचाच. या वेळी पिकलेला.

"मध ने की पायजे तेवढा. पर बाटलीवर माझं नाव घालू नगंस."

"का रे मामा?"

"आंबल्या मधावर परत माझं नाव नगं."

लेबल त्याच्या नावाशिवाय छापलं.

वायनरीच्या ओपनिंगला तो येईल असं वाटलं नव्हतं. आला. नवा पटका, कडक इस्त्रीचं धोतर. नारळही त्यानंच फोडला.

मग एक बाटली उघडून नाकाशी धरली. बराच वेळ.

"ह्यो त्या डब्याचाच वास हाय की."

आणि सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"ताई, साखर न्हवती ती. कच्चाच काढला हुता मी. लई घाई केली."

सासूबाईंच्या हातात मीडचा ग्लास होता. त्यांनी तो लपवलाही नाही.

"चुकलं तर माझं, मामा. नको ते बोलले मी. आणि घाई केलीत ते बरंच झालं, नाहीतर हे कुठून आलं असतं?"

मामा इतका हसला की पटका सावरावा लागला.

निघताना चपला घालत म्हणाला, "नाव घाल मग. पर नीट लिही. भिवा न्हाय, भिवाजी."

म्हटलं, पुढच्या बॅचला नक्की.

त्याआधीच गेला. पेट्यांशेजारी, लिंबाखाली, दुपारच्या झोपेत. त्याला हवं तसं.

आज नवी लेबलं आली. पहिली बाटली सासूबाईंनी स्वतः घरी नेली आणि त्या स्टीलच्या डब्याशेजारी ठेवली. डब्यात आता तूरडाळ असते.

मामा, भिवाजीच लिहिलंय. नीट.
पेट्या तुझा पोरगा बघतोय.
तू नीज निवांत.