किसनमामांचा चिनी पाहुणा

"नाही म्हणजे नाही, मामा. या घरात चिनी माणूस जेवायला येणार नाही."

"माणूसच येणार आहे रे, नीलेश. अख्खा चीन कुठे येतोय तुझ्या सोफ्यावर बसायला?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते."

"मग काय रडू? एक दुपार मागतोय तुझ्याकडे. उद्याची. परवा त्याचं विमान आहे."

"हॉटेलात न्या की. मी टेबल बुक करून देतो. तिथे काय हवं ते खाऊ घाला त्याला."

"हॉटेलात खायला घालता येतं. घरी बोलावता येत नाही."

यावर नीलेशनं नुसता हात झटकला. शुक्रवार, सुट्टीची सकाळ. अल मजाजमधल्या त्या अकराव्या मजल्यावर एसीची घरघर आणि स्वयंपाकघरातला मिक्सर, एवढेच काय ते तटस्थ आवाज. त्याची आठ वर्षांची मुलगी मिहिका जेवणाच्या टेबलावर गृहपाठ पसरून बसली होती आणि डोकं खाली घालून एकूण एक शब्द ऐकत होती.

किसन घडशी, वय त्रेपन्न, मुक्काम पोस्ट राजापूर तालुका. आखातात येऊन चोवीस वर्षं झाली, त्यातली शेवटची अकरा हमरिया फ्री झोनमधल्या एका चिनी कंपनीच्या यार्डात. हुद्दा रिगर फोरमन. म्हणजे पन्नास टनांची लोखंडी तुळई क्रेनला बांधायची, खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातांनी खुणा करायच्या आणि ती तुळई अलगद जहाजात उतरेपर्यंत श्वास रोखून धरायचा. हे सगळं करणाऱ्या माणसाला अख्ख्या अमिरातीत स्वतःचं म्हणून एक पलंग होता, तोही वरचा. खोलीत सहा जण, आणि दारावर चार भाषांत नियम लावलेला: बाहेरच्या माणसाला आत आणायचं नाही. घर म्हणून ज्याची बेल वाजवावी असं दार एकच, सख्ख्या बहिणीच्या मुलाचं. म्हणून तर किसनमामा सकाळी दोन बस बदलून इथे आले होते.

"तुम्हाला माझ्या ऑफिसात काय चाललंय ते माहीत आहे?" नीलेशनं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. तो जबल अलीला मोटारींच्या सुट्या भागांची आयात-निर्यात बघायचा. "एप्रिलपासून माझा माल तिकडे पडून आहे. नखाएवढं चुंबक असतं मोटरमध्ये. बीजिंगमध्ये कोणीतरी ठरवलं, आजपासून बाहेर न्यायला परवाना लागेल. खलास. अर्ध्या जगाचे कारखाने दारात उभे, परवाना द्या हो, परवाना द्या. याला काय म्हणतात मामा? बंदूक न काढता केलेली दादागिरी. श्रीलंकेचं बंदर घेतलं, नव्व्याण्णव वर्षांसाठी. आफ्रिकेत रस्ते बांधायचे, कर्ज द्यायचं आणि मग मान हलवू द्यायची नाही. हे त्यांचं परराष्ट्र धोरण."

"बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे ना? मग?"

"अरे, मी कुठे नाही म्हणतोय? तू ते बातम्यांत वाचतोस, मी खोक्यांवर वाचतो. आधी सगळी खोकी मोम्बासा नि जिबूतीची. मग इराक लिहून येऊ लागलं. मग सौदी. तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा सुरू झाला तेव्हा माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला, तर आम्हाला बांधणी दुप्पट करायला लावली. आणि आता यार्डच हलवतायत दुसऱ्या देशात. तिकडे कोणी नकाशावर बोट सरकवलं की इकडे आमची बॅग भरते. माझीही आणि उद्याच्या त्या पाहुण्याची, फानचीही. त्या बोटाला का मी जेवायला बोलावतोय?"

"ते सोडा. रंजिताचा भाऊ?" स्वयंपाकघरातल्या बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून नीलेशनं आवाज उतरवला. "सुजीत त्या गलवानच्या वर्षी फौजेत, लडाखमध्ये होता. दोन बोटं गेली त्याची पायाची, थंडीनं. आणि मी तिच्या ताटात, तिच्या हातचं, त्याच लोकांना वाढायला सांगू? आता दोन्ही देशांतली विमानं पुन्हा सुरू झाली, हात मिळवून झाले, म्हणून आपणही विसरायचं?"

मिक्सर थांबला.

किसनमामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थट्टा बाजूला ठेवली. सुजीत त्यांना ठाऊक नव्हता असं थोडंच होतं. खरं सांगायचं तर सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

"सुजीतपायीच तर झालं," ते म्हणाले. "जूनमध्ये ती गलवानची बातमी आली ना, दोन हजार वीस साली, तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, किसन, रंजिताचा भाऊ तिकडेच आहे, फोन लागत नाही. त्या दिवसापासून मी फानशी बोलणं टाकलं. आमच्या यार्डातल्या सगळ्यांनीच टाकलं. त्यांचं टेबल वेगळं, आमचं वेगळं."

"आणि काम?"

"काम हातानं चालतं. मूठ वळली की थांब, अंगठा वर केला की बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, वर. तो क्रेनवर, मी खाली. चार महिने आम्ही एकमेकांशी हातांनी बोललो. तोंडानं एक शब्द नाही. तो सकाळी मान हलवायचा, मी दुसरीकडे बघायचो."

फान उत्तर चीनमधल्या कुठल्याशा कोळशाच्या गावचा. गोरा, ठेंगणा, पन्नाशीच्या अलीकडचा. बेचाळीस डिग्रीच्या उन्हातही स्टीलच्या फ्लास्कमधून वाफाळतं पाणी पिणारा. जेवण झालं की टेबलावर हातांची घडी, घडीवर गाल, आणि वीस मिनिटं असा झोपायचा की शेजारी घण पडला तरी पापणी हलायची नाही. क्रेनवरचा मुख्य तोच आणि उचलायच्या कामाचा सुपरवायझरही तोच.

"मग आली खंडेनवमी," किसनमामा म्हणाले आणि नीलेशनं कपाळाला हात लावला, कारण मामा आणि खंडेनवमी एकत्र आले की पुढे काहीतरी झालेलं असतं.

"हसू नकोस. आयुधं पुजायची नाहीत का? कोकणातला माणूस कोयती पुजतो, मी शॅकल पुजले. पहाटे, शिफ्टच्या आधी, तोंडाला मास्क लावून. कुंकू खोबरेल तेलात कालवलं, म्हणजे वाऱ्यानं उडायला नको. क्रेनचा हूक, पट्टे, आणि लोखंडी कड्या, काय म्हणतात ती, शॅकल. साठ होत्या. एकेकीला बोट टेकवत गेलो. नारळ फोडला, खोबरं वाटलं."

"छान. मग?"

"मग काय. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी सगळं सामान तपासतात आणि पास झालं की रंग लावतात. त्या वेळी हिरवा होता. आणि जे नापास, मोडकं, वापरायचं नाही, त्याला लाल."

टेबलापाशी मिहिकानं पेन्सिल ठेवली. "ओह नो," ती म्हणाली.

"ओह नोच, बाय माझी. आठ वाजता गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला. साठच्या साठ कड्यांवर लाल ठिपका. हूकवर लाल. त्यानं शिट्टी मारली, काम बंद. मी म्हटलं, साहेब, पुसून टाकतो, कुंकू आहे. तो म्हणाला, लाल दिसलं की नियमानं पुन्हा वजन टाकून तपासायचं, मग वापरायचं. धक्क्यावर जहाज उभं, पोटात आफ्रिकेच्या रेल्वेपुलाच्या निम्म्या तुळया, निम्म्या खाली. दीड दिवस गेला."

नीलेशला हसू आवरेना. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.

"तू हसतोस, पण मी तेव्हा पॅन्ट धरून उभा होतो. कंपनी तसंही आमची माणसं कमी करून त्यांची आणायच्या बेतात होती, यादी तयार होती म्हणतात. त्या साली धाकटीचं लग्न ठरलेलं. मी बॅग भरून ठेवली. आठवडा गेला. महिना गेला. कोणी बोलावलंच नाही. मी म्हटलं, वाघजाईनं सांभाळलं. गावाला सांगून देवीची ओटी भरली. खण, नारळ, हिरव्या बांगड्या."

"आणि?"

किसनमामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. नीट टेबलावर ठेवला, मिहिकाच्या वहीपासून जरा लांब.

"यार्ड बंद होतंय ना, तर स्टोअरचा कमरुद्दीन जुन्या फायली फाडायला काढतोय. गेल्या सोमवारी मला म्हणाला, किसनभाई, ये तो आपका नाम है. हा त्या दिवसाचा रिपोर्ट. झेरॉक्स करून दिली त्यानं."

नीलेशनं कागद उचलला. वरती चिनी, खाली इंग्रजी. 'कारण' या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं की खुणा सुपरवायझरच्या परवानगीनं केल्या, रिगरनं फक्त हुकूम पाळला, चूक सुपरवायझरची. खाली सही. फान.

"परवानगी दिली होती त्यानं?"

"परवानगी कुठली? बोलत कोण होतं त्याच्याशी?"

नीलेशनं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"नोव्हेंबरात त्याची बदली होती," मामा सांगत होते. "बढती देऊन हेड ऑफिसला, घरी. या कागदापायी ती रद्द झाली. रजेवर जायचं, तर साथीत त्यांच्या देशाची दारं बंद. पोरगी तीन वर्षांची सोडून आला होता, परत बघितली तेव्हा सात वर्षांची. तिनं त्याला काका म्हटलं म्हणे. हे मला त्यानं सांगितलं नाही, कमरुद्दीननं सांगितलं. आणि मी? मी हळूहळू बोलायला लागलो, गुड मॉर्निंग, यल्ला म्हणजे चला, लंच टाइम. पाच वर्षं गुड मॉर्निंगवर बोळवलं रे मी त्याला. ओटी भरली देवीची, आणि वाचवलं होतं या माणसानं."

"विचारलंत त्याला? का केलं म्हणून?"

"विचारलं ना. मंगळवारी. फ्लास्कचं झाकण फिरवत म्हणाला, यू गुड रिगर. न्यू रिगर, बिग टेन्शन. आणि गेला झोपायला."

नीलेश या खेपेला उघडच हसला. पण हसून झाल्यावर पुन्हा त्याच जागी आला. "मामा, माणूस चांगला आहे. मान्य. मी त्याला भेट देतो काहीतरी, मोठी. पण घरी नको. रंजिताला मी हे विचारूच शकत नाही."

"विचारलंच नाहीयेस तू मला," रंजिता म्हणाली.

ती दारात उभी होती. हाताला ओल्या खोबऱ्याचं वाटण तसंच.

किसनमामा खुर्चीतून अर्धे उठले. "पोरी, राहू दे. मी चूक केली. तुझं घर, तुझा भाऊ. हॉटेलात नेतो मी त्याला, खरंच."

"बसा मामा. तुम्ही चार महिने बोलला नाहीत ते सुजीतसाठी?"

"हो."

"त्याला माहीत नाही हे."

"त्याला काय सांगायचं त्यात."

तिनं नळाखाली हात धुतले, पुसले, आणि तेवढ्या वेळात बहुधा काहीतरी ठरवत होती. "सुजीत एकदाच बोलला त्या हिवाळ्याबद्दल. बोटांचं नाही. म्हणाला, ताई, समोरच्या चौकीवर एक पोरगा होता. रोज सकाळी बाहेर येऊन दात घासायचा. दुर्बिणीतून दिसायचा. कसा घासायचा, तर एका हातानं ब्रश आणि दुसरा हात काखेत, गरम ठेवायला. मध्येच हात बदलायचा. सुजीत म्हणाला, मीही तसाच घासायचो. एक दिवस तो दिसला नाही तर दिवसभर मी सारखा तिकडेच बघत होतो." तिनं नॅपकिनची घडी घातली. "यातून काय समजायचं, मला माहीत नाही. त्यालाही नाही. त्याचा राग आहेच. माझाही आहे."

मिहिकानं संधी साधली.

"आई, कॅन आय आस्क हिम इफ ही हॅज सीन अ रिअल पांडा?"

"मराठीत विचार. मामाआजोबा सांगतील त्यांना." मग मामांकडे वळून, "तिखट चालतं का त्यांना?"

"माझ्या डब्यातली कोलंबी एकदा अख्खी संपवली त्यानं. सोलकढी मात्र औषध समजून डोळे मिटून प्यायला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पोट चांगलं झालं."

"भात की भाकरी?"

"पोरी, तू..."

"मामा, भात की भाकरी?"

"भाकरी," किसनमामा म्हणाले. त्यांना पुढे काही बोलायचं होतं. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. काच स्वच्छच होती. "तांदळाची. हातानं थापतात ती बघायची आहे त्याला. मी सांगून ठेवलंय, माझी आई अशी थापायची. मी तुला आयुष्यभर..."

"काटे काढता येतात? सुरमई आणते, पण बांगडा मिळाला तर बांगडाच आणीन."

"माझ्यापेक्षा सफाईनं काढतो."

रंजितानं फ्रीजवरची पिशवी काढली. गाडीची किल्ली उचलली. जुबैल मार्केटला उशिरा गेलं की चांगला मासा राहत नाही, हे ती नेहमी म्हणायची. आज म्हणाली नाही.

नीलेश उठून तिच्यामागे दारापर्यंत गेला. त्याच्या हातात अजून तो कागद होता. आवाजात मघाचा तोरा नव्हता. खरंच कळून घ्यायचं होतं त्याला.

"रंजिता, रविवारी सुजीतचा फोन येईल. काल जेवायला कोण होतं, त्यानं विचारलं तर काय सांगशील?"

तिनं वाकून चपलेचा पट्टा लावला, पिशवी खांद्यावर टाकली आणि दार ओढून घेऊन मासे आणायला निघाली.