बाटलीची कानटोपी

दर शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये वाइन चाखायला चार-पाच माणसं जमतात. बाटली तासाभरात संपते, पण किस्से इतके साचलेत की आता ते ठेवायला वेगळा माळा लागेल!

मुळात हे खूळ आमच्या ह्यांचं. रिटायर झाल्यावर लोक हार्मोनियम शिकतात, ह्यांनी वाइन धरली. तीही साधीसुधी नाही, थंड समुद्रकाठच्या मळ्यांतली लाल वाइनच हवी. धुक्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात, म्हणून वाइन फिकी, आंबटसर आणि नाजूक होते, असं ह्यांनी कुठेसं वाचलं आणि घरादाराकडून पाठ करून घेतलं.

*

पहिल्याच दिवशी शेजारच्या पाटलांनी ग्लास उजेडात धरला. त्यांच्या वडिलांचा ऊस होता, तिथे आता हिंजवडीचा एक टॉवर उभा आहे.

"वहिनी, पाणी घातलंय काय ह्यात? पलीकडची भिंत दिसतीय की!"

ह्यांनी समजावलं, "ऊन कमी, म्हणून रंग कमी. गोडवाही कमी."

"म्हंजे पीक बिघडलं, आन् दाम दुप्पट? आमच्या बापाला हे कुनी सांगितलंच न्हाई!"

*

लेबल बघून कुणी मत बनवू नये म्हणून बाटली झाकायची असते. परदेशात कागदी पिशवी वापरतात म्हणे. आमच्याकडे अप्पांची कानटोपी!

अप्पा खालच्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पंचशील पाळणारा माणूस, थेंब घेत नाही. ते येतात माझ्या चकल्यांसाठी, आणि ग्लास नुसता हुंगून शेरा मारतात. बाटलीशेजारी ह्यांनी पाटी ठेवली आहे: "कानटोपी काढू नये. उत्सुकता आवरत नसल्यास घरी जावे."

*

सुलभा आमची डेंटिस्ट. एकदा घोट घेऊन, डोळे मिटून म्हणाली, "रास्पबेरी... आणि ओलं जंगल!"

अप्पांनी शांतपणे विचारलं, "रास्पबेरी खाल्ली आहे का आपण?"

"नाही."

"आणि जंगल?"

*

एकदा मी मुद्दाम ह्यांच्या ग्लासात गार कोकम सार ओतलं. ह्यांनी ग्लास गोल फिरवला, घोट तोंडात घोळवला, मान डोलावली. "वा! समुद्राचा खारटपणा कसा स्पष्ट लागतो!"

"लागणारच. मीठ मीच घातलंय!"

तेव्हापासून पहिला घोट घेण्याआधी हे माझ्याकडे बघतात.

*

आता अप्पांच्या राहुलचं. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून तो परदेशात असल्याच एका समुद्रकाठच्या मळ्यात वाइन करायला शिकायला गेला. अप्पांच्या ते जिव्हारी लागलं. "दुसऱ्याच्या शेतातून बाहेर पडायला आमच्या तीन पिढ्या गेल्या, आणि हा डिग्री घेऊन परत द्राक्षं तोडायला गेला!" तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. राहुल मला फोन करायचा, "काकू, अप्पा बरे आहेत ना?" मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांसाठी वाईटही वाटायचं.

मध्यंतरी राहुलनं स्वतः केलेल्या वाइनची पहिली बाटली एका मित्राबरोबर पाठवली. मी कुणाला काही न सांगता तिला कानटोपी चढवली आणि शनिवारी टेबलावर ठेवली.

पाटील म्हणाले, "ही बी फिकीच हाय." सुलभाला नेहमीचं जंगल सापडलं. अप्पांनी ग्लास हुंगला. एरवी एकदाच हुंगतात, ह्या वेळी पुन्हा नाकाशी नेला.

"बोचरा गारठा आहे हो ह्यात," ते म्हणाले. "द्राक्षं तोडणाऱ्यांची बोटं आखडत असतील."

"अप्पा," मी म्हटलं, "ही आपल्या राहुलनं केलीय."

सुलभानं हातातली चकली परत ताटलीत ठेवली. मला वाटलं, आता अप्पा उठून जाणार आणि पुन्हा आमची पायरी चढणार नाहीत. अप्पांनी ह्यांच्या पाटीकडे एकदा बघितलं. मग हात पुढे करून बाटलीची कानटोपी काढली, झटकली आणि मांडीवर ठेवली.

"फोन लावा त्याला."

मी लावला. पलीकडून राहुल म्हणाला, "काकू?" अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला, घसा खाकरला.

"कानटोपी घालतोस का रे तिथे?"