जास्तीचं एक्स

माझ्या सासरच्यांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव वैनगंगेत सोडले. ऐंशीच्या सुमारास मी सून होऊन आले. चार वर्षं झाली तरी माझी कूस उजवेना, तेव्हा सासूबाईंनी ते सगळे देव माझ्यासाठी परत गोळा केले. धानोऱ्याकडचा पुजारी झाला, कुरखेड्याचा वैदू झाला, चामोर्शीच्या बाजारातली जडीबुटीवाली झाली. काढे पिऊन पिऊन मला जेवणाची चव लागेना. "यांनाही एकदा डॉक्टरला दाखवू," म्हटलं की सासूबाई उसळायच्या. "त्याले काय झालं? सहा फुटी गडी हाये मायावाला!"

सहा फुटी होते, तेवढं खरं. पाय इतके लांब की शिवून आणलेली पँट दर वेळी घोट्याच्या वरच. पण दाढी महिन्यातून एकदा केली तरी चालायची, आणि धानाच्या रोवणीत दोन बांध्या लावून झाल्या की हे दमून शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसायचे. छाती जरा बायकी भरलेली, म्हणून आंघोळसुद्धा बनियन घालून. हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं, आणि औषध मात्र मला! सासूबाईंचा राग यायचाच. यांचा जास्त यायचा, कारण हे गप्प बसायचे.

मग एकदा उभी सायकल कलंडली आणि यांचं मनगट मोडलं, तेही दुसऱ्यांदा. चंद्रपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी बनियन काढायला लावलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्लास्टर झाल्यावर नागपूरला जायला सांगितलं. तिथून रक्त मुंबईला गेलं. बऱ्याच दिवसांनी नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. यांच्यात एक्स एक जास्त होतं, जन्मापासून. त्यामुळे पुरुषी संप्रेरक कमी, म्हणून हाडं ठिसूळ, दाढी विरळ, सतत थकवा. इंजेक्शनं घेतली तर ताकद येईल, हाडं सावरतील. मूल मात्र होणार नाही.

 घरी आलो तर ओसरीवर पाहुणे. सासूबाईंनी यांच्यासाठी दुसरी पोरगी जवळपास पक्की केली होती, आणि वर मलाच चहा टाकायला सांगितला! मी कप आदळतच आणले.

हे दारातच उभे होते. पाहुण्यांना म्हणाले, "भाऊ, दोष मायात हाये. डॉक्टरनं सांगतलं, मले पोरं होत नाई. तुमच्या पोरीले काऊन फसवू?"

पाहुणे अर्धा चहा टाकून निघून गेले. मी चुलीपाशी जाऊन ढसाढसा रडले. चार वर्षांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. सासूबाई मागोमाग आत आल्या. मला वाटलं, आता दोन शब्द मायेचे बोलतील.

"चारचौघात सांगाची काय गरज होती त्याले?" त्या म्हणाल्या. "गावात वांझ म्हणून तुयं नाव होतंच ना."