ऑईलचा पाइप मी उघडलाच नाही

पुण्यातल्या डिझेल इंजिनच्या कारखान्यातून मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊला आलो, तेव्हा माझा तोरा काय सांगावा! भाड्याने जाणाऱ्या खोदाईच्या मशीनची, एक्स्कव्हेटरची इंजिनं दुरुस्त करायचं काम. डेपोत मराठी माणूस आणखी एकच, साठीला आलेले ऑपरेटर, हाउन्सलोला राहणारे. मी त्यांना काका म्हणायचो. खोदकाम संपलं की काका चार-पाच मिनिटं इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतं संथ चालू ठेवून केबिनमध्ये बसून राहायचे. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं तर टर्बोतलं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यातलं ऑईल जळतं आणि बेअरिंग जातं. "निवू दे रे त्याला जरा," म्हणायचे. हे मी रोज बघत होतो. हो, रोज!

एका सोमवारी त्यांच्याच मशीनने निळा धूर ओकला. टर्बो खोलला, तर शाफ्ट जळून निळा पडलेला. ऑईल पोचलं नाही तरी शाफ्ट असाच दिसतो, म्हणून आधी ऑईलचा पाइप काढून बघायचा असतो. शिकाऊ पोरालाही हे ठाऊक असतं. पण मॅनेजर डोक्यावर उभा, साइटवरून फोनवर फोन, आणि मला अक्कल पाजळायची घाई. रिपोर्टमध्ये ठोकून दिलं, ऑपरेटरने गरम इंजिन बंद केलं.

काकांना मशीनवरून काढून यार्ड धुवायला लावलं. "तू नीट बघितलंस ना?" एवढंच त्यांनी विचारलं. "काका, शाफ्ट खोटं बोलत नाही," मी म्हणालो. काय ही मस्ती! आजही आठवलं की कान गरम होतात. महिन्याभरात ते काम सोडून गेले.

पुढे त्याच मशीनचा नवा टर्बोही गेला, दुसऱ्याच ऑपरेटरच्या हातात. या खेपेला पाइप काढला. तोंडाशी सीलंटचा लाल तुकडा अडकलेला. गळती नको म्हणून गॅस्केटवर सीलंट थापायची सवय डेपोत एकट्या माझीच. आणि काकांचा टर्बो जळायच्या आधी तो पाइप मीच बसवला होता. तुकडा गुपचूप खिशात घालावा असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? शेवटी मॅनेजरला दाखवला. त्याने रिपोर्ट बदलला आणि म्हणाला, म्हातारा तर काम सोडून गेलाच आता.

शनिवारी काकांच्या घरी गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बरं झालं तू लिहिलंस. मला वाटायचं, इंजिन निवेपर्यंत मी बसतोय, पण तू शिकलेला माणूस, उगाच कशाला लिहिशील? म्हटलं, आता डोकं साथ देत नाही. ऑपरेटरचं कार्ड रिन्यू केलं नाही. कारची चावीसुद्धा मुलीकडे देऊन टाकली."

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. माफी मागितली. काकांनी किचनकडे बघून काकूंना हाक मारली.

"अगं, ये इकडे. बस." मग माझ्याकडे वळले, "आता हिला सांग बघू, पहिल्यापासून. तेव्हापासून गॅस बंद केलात का, म्हणून रोज तीन-तीनदा विचारते ही मला."

काकू हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या.