माझा सेट बंद होता

भूतबित मी कधी मानलं नाय. आमच्या घरात ते खातं बायकोकडं हाय. लिंबू, मिरची, उतारा सगळं तीच बघती, मी फक्त तिला हसायचो. म्हणून आधीच सांगतो, खाली जे सांगतोय ते मला स्वतःलाच पटत नाय, तर तुम्हाला पटवायचा हट्ट कशाला करू? लिहायचं म्हणाल तर मला जमत नाय. शाळा सातवीत सुटली... सुटली म्हणजे काय, मास्तरांनीच हात जोडले. हे मोबाईलवर बोलून टाइप करतोय. चुकलं तर मोबाईलचं, बरोबर आलं तर माझं.

मी संभाजीनगरात फायरमन हाय. वडलांच्या जागी लागलो. नाव दत्तू धरा. अंगानं दांडगा, आवाज लाउडस्पीकर, अन काळीज... त्याचं पुढं कळंलच.

आमच्यात एक नेम हाय. आगीत जो आत जाईल त्यानं बाहेर उभ्या असलेल्या साहेबाला वॉकीटॉकीवर सारखी खबर द्यायची. त्या वॉकीटॉकीला आम्ही सेट म्हणतो. खबर कशी द्यायची तेबी ठरलेलं – मी कुठं हाय, काय दिसतंय, काय करतोय, काय पायजे, अन शेवटी पाठीवरच्या सिलिंडरात हवा किती राहिली. ह्याच ओळीनं. कारण साहेबाला बाहेरून आतलं काय दिसत नाय. आपण सांगू त्यावरच तो ठरवणार, कुणाला आत पाठवायचं अन कुणाला मागं बोलवायचं.

मला ह्या पाच गोष्टी उभ्या नोकरीत कधी ओळीनं सांगता आल्या नाय. एकदा क्रांती चौकात दुकान पेटलं. साहेबानं सेटवर विचारलं, "दत्तू, काय दिसतंय?" मी म्हणलं, "साहेब, धूर लई हाय." साहेब म्हणले, "आग लागलीय बाबा, धूर नाय तर काय मोर दिसणार का?" सगळ्यांच्या सेटवर ऐकू गेलं. स्टेशनात आठवडाभर जो तो मला मोर दिसला का विचारायचा. तवापासून मी एकच शब्द धरला – "ओके साहेब." कायबी विचारा, ओके. मंग मला ओकेमामा नाव पडलं. लोक हसायचे, मीबी हसायचो. बरं चाललं होतं.

मंग ते गोडाऊन पेटलं.

उन्हाळा, दुपारचे दोन वाजलेले. हर्सूलकडं जाताना आत एका गल्लीत गाद्यांचं गोडाऊन. खाली कापूस अन फोमचे गठ्ठे, वर पोटमाळा, मधी लाकडी जिना. आम्ही पोचलो तवा पुढचा भाग चांगलाच पेटला होता. समोरच्या घरातली एक बाई ओरडत होती, "चाचा वर झोपतेत दुपारचं! चाचाला काढा!" चाचा म्हणजे तिथं गाद्या भरणारे म्हातारे कारागीर. तेवढ्यात एक जण म्हणला, "चाचा नमाजला गेले ना. मी बघितले जाताना."

साहेब पुढच्या दाराशी थांबले. मला अन सलीमभाईला मागच्या दारानं आत पाठवलं. सलीमभाई माझा जोडीदार, पंधरा वर्षं एका गाडीवर. तो जिन्याखाली पाइप धरून उभा राहिला अन मी वर गेलो.

वरचं दार उघडलं अन काळा धूर असा अंगावर आला... मास्क असून डोळे मिटले माझे. आत हात घातला. गठ्ठा लागला. अजून एक गठ्ठा. "चाचा!" म्हणून एकदा ओरडलो, ते मास्कमधी मलाच नीट ऐकू आलं नाय. तेवढ्यात खाली काय तरी धाडकन पडलं अन मी हात मागं ओढला. सेटचं बटण दाबलं.

"पोटमाळा बघितला साहेब. कोणी नाय. ओके."

हात आत गेला होता कोपरापर्यंत. तेवढाच पोटमाळा बघितला होता मी.

नेमापरमाणं साहेबानं खबर परत म्हणून दाखवली. "पोटमाळा पूर्ण बघितला, कोणी नाय. बरोबर?"

"ओके साहेब."

आम्ही दोघं बाहेर आलो, मागच्या गल्लीत आमच्या गाडीपाशी बसलो. मास्क काढला. माझ्या सेटची बॅटरी उतरलीच होती, बटण फिरवून बंद केला अन मांडीवर ठेवला. पाण्याची बाटली तोंडाला लावली.

सलीमभाईनं विचारलं, "पूरा देखा ना रे?"

"हौ, देखा ना."

मनात म्हणलं, चाचा नमाजलाच गेले असतील. त्या माणसानं बघितलंय की.

अन तवाच सलीमभाईच्या सेटमधून माझा आवाज आला.

"साहेब, दत्तू बोलतोय. माझी मगाची खबर चुकीची हाय. मी पोटमाळ्यावर मागच्या खिडकीखाली हाय. चाचा इथं हायेत, अंगावर गठ्ठे पडलेत, श्वास चालू हाय. तोंडावर ओलं फडकं धरून बसलोय. दोन माणसं पायजे. मागून शिडी लावा, जिना टिकणार नाय."

माझ्या तोंडात पाण्याचा घोट तसाच. गिळताबी येईना, थुंकताबी येईना. सलीमभाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मांडीवरच्या सेटकडं बघितलं, मंग स्वतःच्या सेटकडं. आवाज माझाच होता हो, बायकोनंबी वळखला असता. पण कुठं, काय, काय करतोय, काय पायजे – सगळं ओळीनं! मला जन्मात न जमलेलं.

साहेबानं विचारलं, "दत्तू, हवा किती राहिली?"

सेट जरा वेळ नुसताच खरखरला.

"मला हवा लागत नाय साहेब. चाचांना लागंल. लवकर पाठवा."

"मस्करीची वेळ हाय का ही! सलीम, मागून शिडी लाव, पळ!"

सलीमभाई उठला. मला म्हणला, "चल."

मी उठलो नाय.

ह्याला कारण सांगायला मी लई दिवस शोधलं. पायात गोळा आला, चक्कर आली... तसलं काय नव्हतं. वर जाऊन माझाच मी भेटलो तर, ही भीती वाटली. सलीमभाईनं दुसऱ्यांदा चल म्हणलं नाय. दुसऱ्या एकाला घेतलं, शिडी लावली, खिडकीची जाळी तोडली अन आत गेला. जरा वेळानं चाचाला खांद्यावर टाकून उतरला. चाचाच्या तोंडावर ओलं फडकं होतं. ते खाली येतात न येतात तोच आत जिना कोसळला.

साहेब धावत मागं आले. चाचाला ॲम्ब्युलन्समधी घातलं अन त्यांनी थेट मला मिठी मारली. "परत आत गेलास! चूक झाली तर सगळ्यांसमोर कबूल केलीस! बाहेर कधी आलास?"

"आत्ताच साहेब."

सलीमभाई हातभर अंतरावर तोंडाची काजळी पुसत होता.

पुढच्या आठवड्यात स्टेशनात माझा सत्कार. शाल, नारळ, भाषण. चाचाला खांद्यावरून आणलं त्यानं, अन फोटो माझा. सगळ्यात पुढं उभा राहून टाळ्या वाजवणारा सलीमभाईच.

नंतर मी साहेबाला एकदा म्हणलं, "साहेब, त्या दिवशी माझा सेट बंद होता." ते हसले. "लाजतोस काय, हिरो झालास आता." पुढं बोलायची माझी हिंमत झाली नाय. एकदा सलीमभाईला विचारलं, कोणी माझी नक्कल केली असंल का रे? तो म्हणला, "मैं अंदर घुसा तब चाचा के पास कोई नही था. चल, नक्कल तेरी करेगा कोई. पर चाचा किधर पडे हैं, वो उसको कैसे मालूम? तेरेको तो मालूम नही था." त्यानंतर त्यानं विषय काढला नाय अन मीबी नाय.

चाचा बरे होऊन घरी आले तवा मी भेटायला गेलो. ठरवूनच गेलो होतो, सगळं खरं सांगायचं. पुंडलिकनगरातून, माझ्या घरून निघाल्यापासून गाडीवर घोकत होतो – चाचा, तो मी नव्हतो.

चाचांनी माझा हात दोन्ही हातात धरला. म्हणले, "बेटा, पूरा टाइम तू मेरे पास बैठा. मैं बोला, तू जा, मेरे वास्ते मत मर. याद है तू क्या बोला?"

मी मान हलवली. नाय म्हणून.

"तू बोला, मैं तो नीचे भाग गया चाचा, इसलिए इधर बैठा हूँ." चाचा खोकत खोकत हसले. "आग में भी मजाक सूझता है तेरेको!"

त्यांची सून चहा घेऊन आली. चाचा तिला म्हणले, "यही है वो." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला अन मला सलाम केला.

मी कप हातात घेतला. म्हणलं, "हौ चाचा... आदत है मेरी."

चहा पूर्ण पिऊन आलो.

त्याला आता दोन वर्षं झाली. तिथं कोण बसलं होतं मला ठाऊक नाय. कोणाला ठाऊक असंल तर खाली लिहा, बायकोकडून वाचून घेतो... नको, बायकोकडून नको. तिलाबी हे माहीत नाय. चाचा ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवतेत. ती दारात घेती अन शेजारणीला सांगती, आमच्या ह्यांनी जीव वाचवला ना त्यांचा. मी आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवतो.